आभाळ वेगळे, छप्पर मात्र एकच

रात्रीच्या एसटीने मुंबईहून निघावे, पहाटे डोळे उघडावेत आणि खिडकीबाहेरची घरे पाहून आपण कुठवर आलो ते ओळखावे, अशी एक सोय पूर्वी होती. पाटी वाचायची गरज पडत नसे. शेवाळून काळवंडलेली, उतरती नळ्यांची छपरे आणि पुढे शेणाने सारवलेली खळी दिसली, की कोकण. सपाट माथ्याची, गावच्या मातीच्याच रंगाची, एकमेकांना खेटून उभी असलेली घरे दिसली, की सोलापूर-लातूरकडचा मुलूख. कवेलूंच्या बुटक्या छपराखाली सावलीने भरलेली छपरी दिसली, की गाडी विदर्भात शिरलेली असायची. छप्पर पाहून मुलूख सांगता येत होता.

ती सोय आता उरलेली नाही. कुडाळला उतरा, उदगीरला उतरा, नाही तर उमरेडला. स्टँडबाहेर पडल्यावर दिसणारी घरे सारखीच. विटांच्या किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती, वर चार-पाच इंचांचा सपाट स्लॅब, पुढच्या मजल्याच्या आशेवर वर काढून ठेवलेले गंजके गज आणि पाण्याची काळी टाकी. या घरांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही, कारण बांधणाऱ्याने त्यात आयुष्याची कमाई ओतलेली असते. पण कुडाळला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, उदगीरला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, आणि उमरेडकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. आभाळ इतके निराळे असताना त्याखालचे छप्पर एकच कसे चालेल, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

माझी उमेदीची वर्षे बँकेच्या नोकरीत गेली. बदल्यांच्या निमित्ताने कोकण, मराठवाडा आणि विदर्भ या तिन्ही भागांत बिऱ्हाडे थाटली आणि तिथल्या गृहकर्जाची प्रकरणे हाताखालून गेली. प्रत्येक फाइलमध्ये एक निळा नकाशा असे. हॉल, स्वयंपाकघर, दोन बेडरूम, संडास-बाथरूम आणि गच्चीवर जाणारा जिना. कोकणातल्या फाइलमधला नकाशा काढून नागपूरकडच्या फाइलमध्ये घातला असता, तरी कोणाच्या लक्षात आले नसते! अर्जात प्रश्न असत ते बांधकाम पक्के की कच्चे, इमारतीचे आयुष्य किती, किंमत किती, तारण पुरेसे आहे का, असे. सगळे रास्तच, कर्ज देणाऱ्याला ते विचारावेच लागतात. मात्र ‘या घरात वैशाखातल्या दुपारी माणसाला बसवेल का?’ किंवा ‘आषाढात पश्चिमेच्या भिंतीला ओल येईल का?’ अशी ओळ मी एकाही छापील अर्जावर पाहिली नाही. पूर्वी हे प्रश्न गावचा सुतार आणि गवंडी विचारीत. आता ते कोणी विचारायचे, हा खरा मुद्दा आहे.

आधी सूर्याचा हिशेब

घराचा आणि हवेचा संबंध समजून घ्यायला फार मोठे शास्त्र लागत नाही. आपला महाराष्ट्र सगळाच्या सगळा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे सूर्य आपल्या डोक्यावरून वर्षातून दोनदा जातो. पुण्यात तो मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भर माध्यान्ही बरोबर माथ्यावर येतो. शाळेतली मुले हल्ली या दिवसाला ‘शून्य सावलीचा दिवस’ म्हणून ओळखतात. याचा घराच्या दृष्टीने अर्थ असा, की ऐन उन्हाळ्यात दुपारचे ऊन सगळ्यात जास्त झेलते ते छप्पर. दक्षिणेच्या भिंतीला त्या दिवसांत ऊन जवळजवळ लागतच नाही. सकाळचे तिरपे ऊन पूर्वेची भिंत घेते आणि संध्याकाळचे पश्चिमेची. त्यातही पश्चिमेचा त्रास जास्त, कारण तोवर हवा तापून राहिलेली असते.

दुसरी गोष्ट हवेतल्या ओलाव्याची. कोरड्या हवेत दिवसा रखरखते, पण सूर्य मावळला की जमीन आपली उष्णता मोकळ्या आभाळाकडे भराभर टाकते आणि पहाटे पांघरूण शोधावे लागते. दमट हवेत दिवस तितका तापत नाही. मात्र रात्र निवतही नाही आणि घाम वाळत नाही. म्हणून कोरड्या मुलखात शहाणपण असते ते जाड भिंतीआड दिवस काढून रात्रीची वाट पाहण्यात, तर दमट मुलखात वाऱ्याला घरातून वाट करून देण्यात. इमारतशास्त्राने भारताचे उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि शीत असे पाच हवामान विभाग पाडले आहेत. आपल्या जुन्या कारागिरांना ही नावे ठाऊक नव्हती. त्यांचा अभ्यास हाताने झालेला होता.

कोकणचे आडवे पाणी

कोकणातल्या घराला उन्हाहून पावसाची काळजी जास्त. तो नुसता वरून पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. चार महिने भिंतीच्या वरच्या अंगाला छपराचे आणि खालच्या अंगाला जमिनीचे पाणी लागू द्यायचे नाही, या एका चिंतेतून ते घर घडले.

जोते उंच, जांभ्याच्या चिऱ्यांचे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हत्याराने तासता येतो. हवा लागली की कठीण होतो. म्हणून विटेसारखा चिरा घडवायला तो सोपा. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८०७ साली या दगडाला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले, तेही विटेच्या लॅटिन शब्दावरून. जोत्यावरच्या भिंती पुष्कळदा मातीच्या, म्हणून छप्पर इतके खाली ओढलेले, की नवख्या पाहुण्याचे कपाळ वळचणीला आपटायचेच. पागोळ्या जोत्याच्या पलीकडे पडतात आणि भिंत कोरडी राहते. घराभोवती पडवी. पावसाचा मारा पडवी घेते, माणसे आत सुखरूप. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी, जिथे पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तिथे एवढ्यानेही भागत नसे. पावसाळ्यापुरते गवताचे ताटे बांधून भिंतीच झाकून टाकीत.

आणि उन्हाळ्याचे काय? छपराखाली फळ्यांचा माळा असे. तापलेली कौले आणि खालची खोली यांच्यामध्ये हवेचा एक थर राही. नळ्यांच्या फटींतून तापलेली हवा आणि चुलीचा धूर निघून जाई. जाता जाता तो धूर वाशांना कीड लागू देत नसे. पुढचे दार आणि मागचे दार एका ओळीत, म्हणजे वारा सरळ आरपार. पाऊस ओसरला, की खळ्यावर झावळ्यांचा मांडव पडे आणि मृगाच्या आधी तो उतरवला जाई. सावली हवी तेव्हा असे. पावसाच्या दिवसांत, जेव्हा उजेड हवा, तेव्हा ती काढून ठेवलेली असे. बेसल मिशनने १८६५ साली मंगलोरला कौलांचा कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारी ती मंगलोरी कौले हळूहळू कोकणभर पसरली, तेव्हा दरवर्षी नळे शाकारण्याचे काम बरेच कमी झाले. बाहेरून आलेली वस्तू कोकणाने आनंदाने घेतली, पण छपराचा उतार सोडला नाही.

चौक, छपरी आणि वाळ्याचे ताटे

घाट चढून देशावर आले, की पाऊस एकदम कमी होतो आणि रात्री गार होऊ लागतात. पुण्याकडच्या वाड्याने याचा फायदा घेतला तो चौकाच्या रूपाने. रात्रीची गार, म्हणून जड हवा चौकात उतरून बसते आणि सभोवतालच्या सोप्यांत पसरते. सकाळी चारही बाजूंच्या सावल्या तिला राखतात. ऊन चौकात पोचून फरशी तापेपर्यंत दुपार कलायला लागते. रस्त्याकडच्या भिंती जाड आणि मोजक्या खिडक्यांच्या. त्यात सुरक्षिततेचा भाग होता तसा धूळ आणि झळा अडवण्याचाही. घराची खिडकी जणू आभाळाकडे उघडलेली.

विदर्भाची गोष्ट आणखी निराळी. तिथला उन्हाळा सोसायला माणूस मुळात कणखर हवा. जाड मातीच्या भिंती, बुटके कवेलूचे छप्पर, पुढे छपरी आणि दाराला वाळ्याचे ओले ताटे. कोरडी हवा त्या ताट्यातून आत येताना पाणी शोषून घेते आणि पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता हवेतूनच जाते. आजचा नागपुरी कूलर हे त्याच ताट्याचे पंखा लावलेले रूप. तोच कूलर मुंबईला नेलात तर अंगाला चिकचिक तेवढी वाढेल, कारण तिथली हवा आधीच पाण्याने भरलेली असते. नागपुरातही मृग बरसला, की आठवडाभरात कूलर नकोसा होतो. एका गावचा इलाज दुसऱ्या गावाला लागू पडत नाही, याचे याहून सोपे उदाहरण मला ठाऊक नाही.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला जाऊन बापूकुटी पाहिली नसेल, तर एकदा मुलांना घेऊन जरूर जावे, आणि जमल्यास उन्हाळ्यात. ही कुटी मुळात मीराबहेन यांनी स्वतःसाठी बांधवून घेतली होती. पुढे गांधीजी तिथे राहू लागले. ते १९३६ साली या गावी आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू, सगळे जवळपासचे. बाहेर डोळे दिपवणारे ऊन आणि आत पाऊल टाकताच मंद उजेड, पायाखाली गार सारवलेली जमीन. देशाचे राजकारण त्या हवेत, विजेच्या पंख्याशिवाय चालले.

माळवद आणि १९९३ ची ती पहाट

आता माळवदाकडे येतो. घर आणि हवा यांचे इतके पक्के नाते मी दुसरीकडे पाहिलेले नाही, आणि त्या नात्याची इतकी भयंकर किंमतही दुसऱ्या कोणी मोजलेली नाही.

लातूर, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), सोलापूर हा कमी पावसाचा मुलूख. उतरत्या छपराची तिथे निकड नाही. दगड मातीत रचून उभारलेल्या दोन-अडीच फुटी भिंती, लाकडी खांबांचे खण, वर तुळया, कड्या आणि पाट, त्यावर काटक्या-पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उजेड यावा आणि धूर जावा म्हणून मध्ये एक चौकोनी साणे. अशा छपराच्या माथ्यावर दुपारी पडलेली उष्णता आत उतरायला दहा-बारा तास लागतात. ती आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते आणि रात्री घरात झोपतो कोण? जेवणे आटोपली, की घोंगड्या-वाकळा घेऊन सगळे माळवदावर. तापलेले घर खाली एकटेच निवत राही आणि माणसे चांदण्याखाली. दिवसा खाली, रात्री वर, असे ते दुमजली जगणे होते.

पण पाऊस थोडा असला तरी पडतोच. छत गळू लागले, की त्यावर नव्या मातीचा थर द्यायचा, ही रीत. वर्षामागून वर्षे थर चढत गेले. कित्येक घरांवर फूट-दोन फूट माती साठली. भिंतींत बाहेरचा दगड आणि आतला दगड यांच्यामध्ये नुसती भर असे. दोहोंना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा नसे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटे कमी असताना, किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. पावसाळा सरलेला नसल्याने माणसे माळवदावर नव्हती, घरात झोपलेली होती. भिंती फुटल्या, वरची माती खाली आली. सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली.

त्यानंतर काही वर्षांनी माझी बदली लातूर जिल्ह्यात झाली. शाखेत येणारे शेतकरी पीककर्जाबद्दल बोलताना स्थिर असत. घराचा विषय निघाला की आवाज बदलत असे. दगडी भिंतीच्या आडोशाला झोपायचे नाही म्हणून वर्षानुवर्षे पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये काय होते ते सांगायला नको. ‘उकडून मरू, पण गाडून मरायचं नाही,’ असे एक म्हातारबुवा मला म्हणाले होते. जुन्या घरांचे गोडवे गाणाऱ्याने हे वाक्य आधी ऐकून घ्यावे.

पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. नवी घरे भूकंपाला टिकतील अशी बांधली, हे फार मोठे काम झाले. पण रुंद, सरळ रस्ते आणि सुटी सुटी घरे आल्यावर जुन्या गावच्या अरुंद बोळांची सावली गेली. पातळ छपराखालच्या खोल्या दुपारी तापू लागल्या आणि लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पुढे पत्र्याची पडवी काढली, अंगणात कडुनिंब लावला. हवामानाला जे आराखड्यात मिळाले नव्हते, ते लोकांनी आपल्या हाताने मागाहून जोडले. त्याच कार्यक्रमात, जी घरे पडली नव्हती पण दुबळी होती, अशा कितीतरी घरांची दुरुस्ती आणि मजबुतीही झाली. छतावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार दगड बसवणे, खांब-तुळयांचे सांधे जखडणे, अशी कामे त्यात होती. माळवद वाईट नव्हते, त्यावर चढत गेलेले ओझे आणि भिंतीचे सुटे दगड घातक होते, एवढा विवेक त्या दुरुस्तीत दिसतो. मला त्या सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात मोलाचा धडा वाटतो.

बायकांना विचारा

जुन्या घराचे कौतुक करताना आणखी एक हिशेब मांडायला हवा. सारवायचे कोणी? दर आठवड्याला शेण कालवून जमीन, सणावाराला भिंती, पावसाळ्यानंतर खळे. हे काम घरातल्या बाईच्या कमरेवर उभे होते. माजघर गार होते, तसे अंधारेही. स्वयंपाकघरातला धूर वाशांना टिकवीत होता, पण डोळे कोणाचे जात होते? शिवाय नळे उलटेपालटे करणाऱ्या माकडांचा उपद्रव, वाळवी, साप-विंचू, दर वर्षीची शाकारणी आणि ती करणारी माणसे न मिळणे. स्लॅबचे घर लोकांनी केवळ प्रतिष्ठेपायी स्वीकारले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुसता येणारी फरशी, आग न लागणारे छत, धान्य वाळवायला गच्ची आणि रात्री निर्धास्त झोप, यांसाठी ते स्वीकारले. माझ्या आईने नव्या घरातल्या पहिल्या दिवशी ओट्यावरून हात फिरवला आणि ‘आता शेण नको बाई,’ एवढेच म्हणाली. तिच्या त्या सुटकेपुढे मला वास्तुशास्त्र सांगावेसे वाटत नाही.

तेव्हा मागे जाण्याचा सवाल नाही. स्लॅब राहणार आहे. त्याला आपापल्या गावचे ऊन-पाऊस कसे शिकवायचे, एवढेच पाहायचे आहे.

स्लॅबला काय शिकवता येईल?

चार-पाच इंचांचा काँक्रीटचा थर दुपारी पडलेली उष्णता तीन-चार तासांत खाली पोचवतो. म्हणजे दुपारी बारा-एकचे ऊन संध्याकाळी, मुले शाळेतून आणि माणसे कामावरून घरी येतात तेव्हा छतातून उतरू लागते आणि मध्यरात्रीपर्यंत उतरत राहते. पंखा लावला, की तीच गरम हवा अंगावर. माळवदावरून खाली आलेला माणूस आता बंद खोलीत झोपतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्रासाचे मोल कळते. उन्हाळ्यातल्या लाटेत म्हातारी माणसे आणि तान्ही मुले दगावतात, त्यात दिवसाच्या उन्हाइतकाच न निवणाऱ्या रात्रीचा हात असतो.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गच्चीला पांढरा रंग. होळीच्या सुमारास चुन्याचे दोन हात दिले, तरी ऊन बऱ्याच प्रमाणात परत फिरते आणि खालच्या खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. जरा खर्च झेपत असेल, तर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून वर फुटक्या पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी. हे काम आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांना चांगले येते. अहमदाबादने २०१० च्या मे महिन्यातल्या जीवघेण्या लाटेनंतर २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छपरे पांढरी करण्याचे कामही हाती घेतले. एका शहराला जे सुचते, ते आपल्या सोसायटीच्या सभेत मांडायला काय हरकत आहे?

नव्याने बांधणाऱ्यांसाठी लॅरी बेकर या वास्तुविशारदाने करून दाखवलेली एक युक्ती आहे. बेकर (१९१७–२००७) जन्माने इंग्रज. मुंबईत बोटीची वाट पाहत असताना त्यांची गांधीजींशी गाठ पडली. पुढे त्यांनी भारतातच, मुख्यतः केरळात, आयुष्य काढले. स्लॅबच्या खालच्या भागातले काँक्रीट भार पेलण्याच्या कामी फारसे येत नाही, म्हणून तिथे गजांच्या चौकोनांत जुनी मंगलोरी कौले ठेवायची आणि वर काँक्रीट ओतायचे. सिमेंट वाचते, छत हलके होते आणि कौलांत कोंडलेली हवा उष्णता अडवते. छत हलके होणे म्हणजे काय, हे किल्लारीच्या मुलखाला समजावून सांगावे लागणार नाही. मात्र जाणत्या इंजिनिअरच्या देखरेखीखालीच हे काम करावे.

उंच इमारतींत राहणाऱ्यांनी हे आपल्यासाठी नाही असे समजू नये. मुंबईत चार्ल्स कोरिया यांनी ‘कांचनजंगा’ ही उत्तुंग इमारत बांधली. ती १९८३ साली पुरी झाली. मुंबईत वारा पश्चिमेचा, समुद्राचे दर्शनही पश्चिमेचे. पण कडक ऊन आणि पाऊसही तिकडूनच. कोरियांनी जुन्या बंगल्यांचा व्हरांडा आठवला आणि फ्लॅटच्या कोपऱ्यात दोन मजले उंच गच्च्या ठेवल्या, म्हणजे ऊन-पाऊस गच्चीने झेलावा आणि खोलीत नुसता वारा यावा. हीच कोकणच्या पडवीची रीत. आपल्या दोन खोल्यांच्या घरातली बाल्कनी हीसुद्धा पडवीच. ती काचा लावून बंद केली, की खोली चार फुटांनी वाढते आणि ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत येते.

बाकी गोष्टी तर विनाखर्चाच्या आहेत. पश्चिमेला झोपण्याची खोली नको. जिना, न्हाणीघर, कोठार तिकडे ढकलावे. खिडक्यांवरचे छज्जे नावापुरते नकोत. समोरासमोर खिडक्या असाव्यात आणि तापून वर चढलेली हवा बाहेर जावी म्हणून छतालगत झरोके ठेवावेत. हे झरोके आपण नकाशातून कधी पुसले ते कळलेच नाही. पश्चिमेच्या भिंतीपुढे कडुनिंबासारखे एखादे झाड असावे. काचेच्या भिंतींचे वेड थंड देशांतून आले. तिथे सूर्य घरात हवा असतो. आपल्याकडे तो दाराबाहेर थांबलेला बरा.

सरकारी पातळीवरही काही हालचाल आहे. केंद्र सरकारने २०१८ साली निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ आणली. भिंतींतून आणि खिडक्यांतून घरात किती उष्णता येऊ द्यावी, याची मोजमापे तीत आहेत. ग्रामविकास मंत्रालयाने ‘पहल’ या नावाने प्रदेशाप्रदेशांतल्या घरांचे नमुनेही संकलित करून घेतले. कागदावरची ही पुस्तके तालुक्याच्या गावी नकाशा काढणाऱ्या ड्राफ्ट्समनच्या टेबलापर्यंत पोचायला हवीत. कारण आपल्याकडची निम्मीअधिक घरे आर्किटेक्टच्या कचेरीत जन्म घेत नाहीत. ती त्या टेबलावर, अर्ध्या तासात, जुन्या नकाशावरून नवा काढून जन्म घेतात.

कोकणात हल्ली एक गंमत दिसते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने घातलेला सपाट स्लॅब चार-पाच पावसाळ्यांत गळू लागतो. डांबर लावून होते, रसायने लावून होतात आणि अखेर मालक स्लॅबवर लोखंडी नळ्या उभारून उतरते पत्रे घालतो. ज्याची ऐपत आहे तो कौले चढवतो. स्लॅब आणि पत्रा यांच्यामध्ये आपोआप माळा तयार होतो, तिथे नारळ-सुपारी ठेवतात, दोरीवर कपडे वाळतात आणि खालच्या खोल्या पूर्वीपेक्षा गार राहतात. एका घरावर दोन छपरांचा खर्च होतो खरा. पण तोच खर्च पहिल्या नकाशात धरला असता, तर निम्म्यात भागले असते.

म्हणून घर बांधायला किंवा घ्यायला निघालेल्या तरुण जोडप्यांना सुचवावेसे वाटते, की व्याजाचा दर आणि चौरस फुटांचा भाव विचारून झाला, की आणखी तीन प्रश्न विचारा. माथ्यावरचे ऊन कोण अडवणार? पश्चिमेला काय आहे? आणि वारा कुठून येऊन कुठे जाणार? समोरच्या माणसाला उत्तरे येत नसतील, तर त्याच गावातले एखादे जुने, अजून नांदते घर शोधा आणि दुपारी दोन वाजता तिथे जाऊन तासभर बसा. घरातल्या आजींना विचारलेत, तर कोणत्या महिन्यात कोणत्या खोलीत झोपायचे, इथपासून सगळे त्या सांगतील.